गड उतरताना गुडघा दुखतो, तेव्हा

आठवडाभर चाकण, भोसरी किंवा तळवड्याच्या कारखान्यात काँक्रीटवर उभं राहून पाळी करायची, रविवारी लोहगड गाठायचा आणि सोमवारी जिना उतरताना गुडघ्याची वाटी ठणकायची. तिशी-चाळिशीतले अनेक जण ही तक्रार घेऊन येतात. "डॉक्टर, गुडघे झिजले का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. या वयात बहुतेकदा झीज नसते. स्नायूंच्या तयारीपेक्षा भार जास्त झालेला असतो.

उतारच का छळतो?
उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन आवरून धरतो. तो दमला की वाटीमागच्या भागावरचा ताण सोसवत नाही. म्हणून चढताना बहुतेकदा फारसं जाणवत नाही आणि पायऱ्या उतरताना कळ येते.

पहिले काही दिवस
धावणं आणि उतार थांबवा, पण अंथरूण धरू नका. सपाटीवर सोसेल तेवढं चाला. रुमालात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं लावा. वेदनाशामक गोळी घेऊन डोंगर चढू नका. दुखणं दबतं, इजा वाढते. त्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं असेल, तर मूत्रपिंडांनाही अपाय होऊ शकतो.

खरं औषध: व्यायाम
- पाठीवर झोपा. एक पाय दुमडून दुसरा ताठ ठेवा, वीतभर उचला, 5 आकडे मोजून खाली आणा.
- कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला. यानं कुल्ल्याचे स्नायू बळकट होतात आणि गुडघा आत झुकत नाही.
- दुखणं उतरल्यावर भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसा, थोडं थांबून उठा.

प्रत्येक व्यायाम 10 वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस. ठळक फरक दिसायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून मध्येच सोडू नका.

पुन्हा डोंगराकडे
आधी निगडीची दुर्गा टेकडी, मग घोरावडेश्वर, त्यानंतर लोहगड. उतरताना पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, दोन काठ्या वापरा. धावण्याचं अंतर हळूहळू वाढवा. रात्रपाळी संपवून थेट ट्रेकला जाऊ नका. सौम्य दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं, तर ठीक. वाढलं, तर एक टप्पा मागे या.

मात्र अशा वेळी थांबू नका
गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा पायावर भारच टाकता येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही ही सोय आहे. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी जा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल, तर एकेक तास मोलाचा असतो.