खेळाडू महाविद्यालय कशासाठी निवडतो?

उत्तम फुटबॉल खेळणारा एखादा मुलगा दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला, की त्याच्या घरात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात : शिक्षण कोठे घ्यावयाचे आणि खेळ कोठे चालू ठेवावयाचा? बंगळूरमध्ये या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एकच दिले जाते. ज्या महाविद्यालयाचा संघ चांगला, ते महाविद्यालय निवडावे. परंतु 'चांगला संघ' म्हणजे काय आणि त्याची ओढ विद्यार्थ्याला नेमकी कशामुळे लागते, याचा विचार क्वचितच होतो. तो होणे अगत्याचे आहे. कारण या एका निवडीत पदवीपूर्व शिक्षणाची दोन आणि पदवीची निदान तीन, अशी पाच वर्षे गुंतलेली असतात.

महाविद्यालयाचे हे आकर्षण फार जुने नाही. बंगळूरमध्ये फुटबॉल रुजला तो लष्करी छावणीच्या परिसरात. अलसूर, गौतमपुरा, ऑस्टिन टाउन या वस्त्यांनी त्याची जोपासना केली. कोल्हापुरात ज्याप्रमाणे पेठांमधील तालमींनी फुटबॉल वाढवला, त्याप्रमाणे येथे वस्त्यांमधील संघांनी तो वाढवला. १९३७ मध्ये 'बंगलोर मुस्लिम्स' या संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. हा चषक मिळवणारा तो पहिला भारतीय संघ होय. याच शहरातील अहमद खान १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळले आणि कलकत्त्याच्या ईस्ट बेंगॉल संघाचे आधारस्तंभ ठरले. त्या पिढीतील गुणी खेळाडूला महाविद्यालय नव्हे, तर कलकत्ता खुणावीत असे.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. शहरात सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी आपापले संघ बांधले. १९७७ मध्ये भरलेल्या पहिल्याच फेडरेशन चषक स्पर्धेत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या संघाने बलाढ्य मोहन बागानला अंतिम सामन्यात नमवले. अशा संघाचे आकर्षण समजावून सांगण्याची गरज नव्हती. खेळण्याचे वय सरले तरी नोकरी सरत नसे. दुखापत झाली तरी घराची चूल पेटती राहत असे. पुढे या संघांचा जोर ओसरला. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा संघ २०१२ पर्यंत राष्ट्रीय लीगमध्ये होता. त्या वर्षी तो तेथून खाली उतरला. कारखान्याच्या संघाने दिलेली हमी दुर्मिळ होत गेली, तसतसे शिक्षणाचे महत्त्व खेळाडूंच्या कुटुंबांत वाढत गेले.

आता महाविद्यालय खेळाडूला काय देऊ करते ते पाहू. शुल्कातील सवलत ही पहिली गोष्ट. परगावच्या मुलासाठी वसतिगृह व पोटभर सकस आहार ही दुसरी. तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे उपस्थितीची सवलत. ७५ टक्के उपस्थितीचा नियम आणि स्पर्धांसाठी होणारा प्रवास यांचा मेळ बसवणे खेळाडूला एकट्याने जमत नाही; त्यासाठी संस्थेची सहानुभूती लागते. चौथी गोष्ट प्रशिक्षकाची आणि पाचवी सोबत्यांची. आपल्यापेक्षा सरस खेळाडूंबरोबर रोज सराव करावयास मिळणे, हे तरुण खेळाडूला पैशाहूनही मोलाचे वाटते.

या शेवटच्या कारणामुळेच नामवंत खेळाडूंची परंपरा असलेल्या संस्थेकडे नवे खेळाडू आपोआप वळतात. बंगळूरच्या जैन शिक्षणसंस्थेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बिलियर्ड्सपटू पंकज अडवाणी, क्रिकेटपटू रॉबिन उथप्पा हे तिचे विद्यार्थी. मंगळूरजवळील सुरतकल येथे वाढलेला के. एल. राहुल वयाच्या अठराव्या वर्षी शिक्षण आणि क्रिकेट या दोहोंसाठी बंगळूरला आला, तो येथेच. २०२२ मध्ये बंगळूरमध्ये भरलेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत जैन विद्यापीठाने २० सुवर्णपदकांसह पहिले स्थान मिळवले. अशा यशाची वार्ता शाळाशाळांतून पोहोचते आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश त्यावर ठरतात.

येथे व्यवहाराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. महाविद्यालयाला खेळाडू हवा असतो, कारण विजयाने संस्थेचे नाव होते. आंतरविद्यापीठ स्पर्धांतील यशावर मौलाना आझाद चषकासारखे राष्ट्रीय सन्मान अवलंबून असतात. म्हणजे सवलत हे दान नसून तो एक करार आहे. आणि कराराच्या अटी दोन्ही पक्षांना ठाऊक असाव्यात, हे उचित होय.

या कराराचे सर्वांत भव्य रूप अमेरिकेत आढळते. तेथील 'फुटबॉल' हा लंबगोल चेंडू हाती घेऊन खेळावयाचा निराळा खेळ आहे. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात या खेळासाठी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. शालेय खेळाडूला आपल्याकडे ओढण्यासाठी विद्यापीठे पूर्ण शिष्यवृत्ती देतात. २०२१ पासून तर खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून पैसे मिळवण्याचीही मुभा आहे. या चुरशीचे कारण उघड आहे. शाळा सोडल्यावर तीन वर्षे लोटल्याखेरीज तेथील मुख्य व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळत नाही. त्यामुळे महाविद्यालय हेच व्यवसायाचे प्रवेशद्वार ठरले आहे.

बंगळूरच्या फुटबॉलपटूची स्थिती अगदी वेगळी आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर एफ.सी.सारखे व्यावसायिक क्लब मुलांना शाळेच्या वयातच आपल्या प्रबोधिनीत घेतात. अठराव्या वर्षी महाविद्यालयाच्या संघात आलेला मुलगा व्यवसायाच्या दाराशी नसतो. तो बहुधा त्या दारावरून पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा संधी मिळणारच नाही असे नव्हे. परंतु ती गृहीत धरता येत नाही. म्हणून अमेरिकेतील विद्यार्थी ज्या कसोटीवर संघ निवडतो, ती कसोटी येथे जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे.

मग कोणती कसोटी लावावी? विजयचषकांनी भरलेले कपाट पाहून हुरळून न जाता पालकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. गुडघा दुखावून मुलगा वर्षभर खेळू शकला नाही, तर शुल्कसवलत चालू राहील काय? स्पर्धांमुळे बुडालेले पाठ भरून काढण्याची व्यवस्था आहे काय? गेल्या पाच वर्षांत संघातून खेळलेल्यांपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली आणि आज ते काय करतात?

अनिल कुंबळे यांनी १९९० मध्ये कसोटी पदार्पण केले, तेव्हा ते बंगळूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि पुढे त्यांनी पदवीही संपादन केली. त्यांच्यासारखी गुणवत्ता थोड्यांच्या वाट्याला येते. ज्यांच्या वाट्याला ती येत नाही, त्यांना तर पदवीची गरज अधिकच असते. कारखान्याच्या संघाने एके काळी खेळाडूला उद्याची निश्चिंती दिली. आज तेवढी निश्चिंती जे महाविद्यालय देऊ शकेल, त्याचेच आकर्षण खरे मानावे. संघातील अकरा जणांपैकी एखादा नावारूपास येईल. परंतु संस्थेची पारख व्हावयाची ती उरलेल्या दहा जणांवरून.