तिथी पाहून समुद्रकिनाऱ्याची सहल
(सिंधुदुर्ग जिल्हा : तीन दिवस, तीन स्थळे)

हिवाळ्यात देशावरील पुष्कळ शाळांच्या सहली कोकणात उतरतात. दोनतीन दिवसांत दहाबारा स्थळे पाहावयाची, असा बेत बहुधा ठरलेला असतो. मुले गाडीतून उतरतात, किल्ला पाहतात, पुन्हा गाडीत बसतात. परत आल्यावर ‘काय पाहिले?’ असे विचारले असता स्थळांची नावे सांगता येतात. एका स्थळाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे मात्र सांगता येत नाही. वास्तविक समुद्रकाठच्या जिल्ह्यात सर्व स्थळांना गुंफणारे एक सूत्र निसर्गानेच दिलेले आहे. ते सूत्र म्हणजे भरती-ओहोटी. ते हाती धरून सहलीची आखणी कशी करता येईल, याचा विचार पुढे केला आहे.

पूर्वतयारी : तिथीचे गणित

समुद्रास दिवसातून साधारणपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. ओहोटीस कोकणात ‘सुकती’ असेही म्हणतात. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत किनाऱ्यावर प्रचलित आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. वद्य पक्षात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजावी.

पाऊणकीचा पाढा कशासाठी पाठ करावयाचा, असे विचारणाऱ्या मुलास येथे उत्तर मिळते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि पाऊणपटीच्या रीतीत पंचेचाळीसच धरली जातात. शिवाय स्थानपरत्वेही वेळेत फरक पडतो. यास्तव हे उत्तर स्थूलमानाचे आहे, हे मुलांस सांगावे आणि नेमकी वेळ स्थानिक दर्यावर्द्यांकडून विचारून घ्यावी.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन पाणी फार चढते व फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती. मुलांना घेऊन जाण्यास भांगाचे दिवस बरे. म्हणून पौष किंवा माघ शुद्ध नवमी, दशमी व एकादशी हे तीन दिवस सोयीचे होतात.

पहिला दिवस, नवमी : विजयदुर्ग

देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. तीन बाजूंनी त्यास पाण्याचा वेढा आहे. पुढे आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. १७५६ मध्ये इंग्रज व पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत ते तुळाजी आंग्रे यांच्या हातून गेले.

किल्ला पाहून झाल्यावर बहुतेक सहली निघून जातात. शिक्षकांनी मात्र खाडीच्या काठी खडक फोडून केलेली मराठ्यांच्या आरमाराची गोदी अवश्य दाखवावी. नवमीस भरती पावणेसातला व ओहोटी एकच्या सुमारास येते. ओहोटीस गोदीची रचना चांगली ध्यानी येते. जड गलबत डागडुजीसाठी पाण्याबाहेर कसे काढावयाचे? भरतीच्या पाण्यावर ते आत आणावयाचे आणि ओहोटीने पाणी ओसरले की काम करावयाचे. समुद्राच्या शक्तीचा असा उपयोग करून घेणारी माणसे आपल्या प्रांतात होती, ही गोष्ट मुलांनी तेथे उभे राहून ऐकावी.

दुसरा दिवस, दशमी : मालवण व सिंधुदुर्ग

साडेसातला भरती असल्याने सहल आठच्या सुमारास मालवणच्या धक्क्यावर पोहोचावी. पाणी धक्क्याच्या भिंतीवर कोठवर आले आहे, याची खूण प्रत्येक गटाने वहीत काढून घ्यावी. नंतर होडीने किल्ल्यात जावे. पावसाळ्यात ही होडीवाहतूक बंद असते.

कुरटे बेटावरील या जलदुर्गाचे काम शिवछत्रपतींनी नोव्हेंबर १६६४ मध्ये आरंभिले व ते १६६७ मध्ये पुरे झाले. तटबंदी नागमोडी असून तिला बेचाळीस बुरूज आहेत. महादरवाजा बुरुजांच्या आड असल्याने जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. चोहोकडे खारे पाणी असता दूधबाव, साखरबाव व दहीबाव या विहिरींचे पाणी गोडे कसे, हा प्रश्न मुलांना विचारावा व थोडा वेळ त्यांस विचार करू द्यावा. पावसाचे पाणी बेटाच्या भूमीत मुरून साठते, या उत्तरापाशी ती बहुधा आपणच येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे दोन्ही आहेत.

दुपारी पावणेदोनच्या सुमारास ओहोटी होते. तत्पूर्वी धक्क्यावर परतून सकाळची खूण पुन्हा पाहावी. पाणी किती उतरले, ते मोजावे. सकाळी पाण्याखाली असलेले किती खडक आता डोके वर काढून आहेत, ते मोजावे. शत्रूच्या जहाजास हा किल्ला का कठीण होता, याचे अर्धे उत्तर मुलांस त्या खडकांतच सापडेल.

तिसरा दिवस, एकादशी : शिरोडे

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस शिरोडे आहे. येथील मिठागरांत उधाणाच्या भरतीचे पाणी बांधाच्या तोंडातून आत घेतात, उथळ वाफ्यांत खेळवितात आणि ऊन व वारा यांनी ते आटले की मीठ उरते. काम चालू असेल तेथे आगरवाल्यांची अनुमती घेऊन ते दाखवावे. ‘आज एकादशी, मग उधाण किती दिवसांनी?’ हा प्रश्न येथे सहज विचारता येतो. मे १९३० मध्ये याच गावी मिठाचा सत्याग्रह झाला. चिमूटभर मीठ उचलणे हा गुन्हा का ठरला होता, हे पाठ्यपुस्तकातील एक वाक्य येथे मुलांच्या हातावर ठेवता येते.

शिक्षकांसाठी या गावाचे आणखी एक महत्त्व आहे. वि. स. खांडेकर १९२० मध्ये येथील शाळेत शिक्षक म्हणून आले व १९३८ पर्यंत येथे राहिले. ‘ययाति’साठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणाऱ्या या लेखकाची घडण एका खेड्यातील शाळेत शिकवीत असता झाली.

सावधगिरी

फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. समुद्र शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित असतो असे नाही. पाणी ओसरताना माणसास आत ओढते. नदीच्या व खाडीच्या मुखाशी ही ओढ विशेष असते. तेथे मुलांना पाण्यात मुळीच उतरू देऊ नये. इतरत्रही घोट्यापलीकडे पाणी नको. होडीत प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट असावे. दर ठिकाणी उतरताना व निघताना पट मोजावा. मालवणच्या गाबीत दर्यावर्द्यांनी ‘आज नको’ म्हटले तर बेत मोडावा. त्यात कमीपणा नाही. ज्यांनी मुले शिक्षकांच्या हवाली केली, त्यांना ती सर्व परत मिळणे हे सहलीचे पहिले फलित होय.

स्वाध्याय

१. षष्ठीस भरती किती वाजता येईल? ओहोटी केव्हा?
२. गोदी, किल्ला व मिठागर यांत भरतीचा उपयोग कोणकोणता झाला, ते तीन वाक्यांत लिहा.
३. घरी आजीआजोबांना तिथी विचारा व आज मालवणास भरती केव्हा असेल, ते काढा.

तिसरा प्रश्न सहलीनंतरही महिनाभर चालू ठेवावा. घाटावरील वर्गात बसून समुद्राचे पाणी या घटकेस चढते आहे की उतरते आहे, हे मुलास सांगता आले, म्हणजे सहलीचा खर्च कारणी लागला असे समजावे.