‘आम्ही’ आणि ‘आपण’ : व्हेनम या प्रतिनायकाचे माध्यमांतर

नायक आणि खलनायक यांच्या मधल्या प्रदेशात वावरणाऱ्या प्रतिनायकाचा विचार करताना समीक्षा बहुधा त्याच्या कृतींचा हिशेब मांडते. अमेरिकन चित्रकथेतील व्हेनम हे पात्र मात्र कृतींइतकेच सर्वनामातून उलगडते. ते स्वतःचा उल्लेख प्रथमपुरुषी अनेकवचनात करते. कारण त्या एका देहात एडी ब्रॉक हा पत्रकार आणि परग्रहावरील एक सहजीवी असे दोन जीव नांदतात. इंग्रजीत या अनेकवचनाला एकच रूप आहे. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. या भेदाच्या आधारे चित्रकथेकडून चित्रपटाकडे जाताना या पात्रात झालेला पालट स्पष्ट करता येतो.

मार्व्हलच्या चित्रकथांत १९८४ मध्ये स्पायडर-मॅनचा काळा पोशाख अवतरला. तो सजीव असल्याचे कळताच पीटर पार्करने त्याला दूर सारले. १९८८ मध्ये ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३००व्या अंकात (लेखन डेव्हिड मिशेलिनी, चित्रे टॉड मॅक्फार्लेन) हाच सहजीवी ब्रॉकशी एकरूप होऊन व्हेनम म्हणून उभा राहिला. खोट्या कबुलीजबाबावर विसंबून ब्रॉकने भलत्याच माणसाला खुनी ठरवलेले असते. स्पायडर-मॅन खरा गुन्हेगार पकडतो आणि ब्रॉकची नोकरी जाते. एकाला झिडकारले गेल्याचा सल, दुसऱ्याला नाचक्कीचा. दोघांचा रोष मात्र एकाच व्यक्तीवर. म्हणून येथील अनेकवचन ‘आम्ही’चे आहे. ब्रॉकची स्वतःची चूक त्यात विरघळून जाते. ती कबूल करण्यासाठी लागणारा ‘मी’च शिल्लक राहत नाही. याउलट १९९२ मध्ये आलेला कार्नेज हा खुनी ‘मी’ म्हणूनच बोलतो. त्याचा सहजीवी त्याच्या रक्तात मिसळलेला आहे. १९९३ च्या ‘लीथल प्रोटेक्टर’ या मालिकेत व्हेनम सॅन फ्रान्सिस्कोत निरपराधांचा रक्षक झाला, तरी निरपराध कोण हे तोच ठरवतो.

सॅम रायमी यांच्या ‘स्पायडर-मॅन ३’ (२००७) या चित्रपटात व्हेनम आहे, पण दोन जिवांचा संवाद नाही. तो रूबेन फ्लाइशर यांच्या ‘व्हेनम’मध्ये (२०१८) आला. येथे स्पायडर-मॅनच वगळल्याने सामायिक वैराचा आधार नाहीसा झाला. टॉम हार्डी यांनीच ब्रॉकची भूमिका केली आणि सहजीवीला आवाजही दिला; ब्रॉकच्या डोक्यातील तो आवाज प्रेक्षकाला ऐकू येतो. चित्रकथेत एका मुखातून निघणारे अनेकवचन येथे दोघांचे संभाषण होते, म्हणजेच ‘आपण’ होते. विशेष म्हणजे, विश्वासघात झालेल्या ॲनीची क्षमा मागण्यास ब्रॉकला हा सहजीवीच भाग पाडतो. चित्रकथेत चूक झाकणारा सोबती चित्रपटात तिची आठवण देणारा ठरतो. २०२१ च्या दुसऱ्या चित्रपटात दोघे भांडून विभक्त होतात व पुन्हा एकत्र येतात. २०२४ च्या तिसऱ्यात सहजीवी आत्मबलिदान करतो आणि ब्रॉक एकवचनात उरतो.

या माध्यमांतराने पात्राला मैत्री दिली आणि विनोदही दिला. मात्र आपला अपराध समूहवाचक सर्वनामाआड दडवणाऱ्या माणसाचे जे भेदक चित्र १९८८ च्या अंकात उमटले होते, ते त्यात फिके झाले. ‘आम्ही’ म्हणणारा माणूस कोणाला वगळतो याबरोबरच तो स्वतःचे काय लपवतो, हा प्रश्न म्हणूनच प्रतिनायकाच्या अभ्यासात मध्यवर्ती ठरतो.