आधी ओल बघ, मग रंग

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

चिपळूणच्या घराच्या गॅरेजात वर्कशॉप थाटायचं ठरल्याचं ताईकडून कळलं. एका कोपऱ्यात बुलेट उघडायची, दुसऱ्या कोपऱ्यात सुतारकाम करायचं, आणि जमीन मात्र मोटारीच्या शोरूमसारखी चकचकीत हवी. त्यासाठी इपॉक्सीचा करडा रंगही पसंत करून झाला आहे म्हणे. हौस चांगली आहे. पण गॅरेजच्या जमिनीवर कुठला लेप टिकेल हे शेडकार्डावरून ठरत नाही. लेपाखालचा कोबा काय अवस्थेत आहे, यावर ते ठरतं.

कोबा दिसायला घट्ट असला तरी आतून सच्छिद्र असतो. त्यातल्या केसाहून बारीक वाटांनी जमिनीतली ओल वर चढत राहते. जुन्या घरांत कोब्याखाली प्लास्टिकचा जाड कागद क्वचितच घातलेला असतो. त्यात कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जांभा तो पाऊस पिऊन बसतो. उघड्या कोब्यातून ही वाफ गुपचूप निघून जाते, कोणाला पत्ताही लागत नाही. वर इपॉक्सीचा पाणीबंद थर आला, की वाफेला वाट उरत नाही. मग फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. दोष रंगाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो रंगाचा नसतो.

परीक्षा सोपी आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा कोब्यावर ठेवायचा, चारही कडा टेपनं पक्क्या बंद करायच्या आणि किमान 16 तास त्याला हात लावायचा नाही. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडलेला दिसला, तर ओल आहे. दोन-तीन ठिकाणी करून बघ. भिंतीच्या कडेला आणि शटरजवळ तर नक्कीच. ही परीक्षा एप्रिल-मेमध्ये केली तर कोकणातला कोणताही कोबा पास होईल. ती भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये करायची.

तेलाचीही परीक्षा हवी. जुन्या डागावर पाण्याचे चार थेंब टाकायचे. पाणी जिरलं तर ठीक, मोत्यासारखं वर उभं राहिलं तर तेल आत मुरलं आहे आणि तिथे रंग धरणार नाही. रंगारी ॲसिड मारून देतो म्हणतील. ॲसिडनं तेल निघत नाही, आणि ते नीट धुतलं गेलं नाही तर क्षार मागे राहतात. डायमंडचे दात बसवलेल्या ग्राइंडिंग मशीननं वरचा भुसभुशीत थर खरवडून काढणं हीच खरी पूर्वतयारी. कामगार मशीनला व्हॅक्यूम न जोडता आणि साधा रुमाल बांधून घासायला लागला, तर काम थांबव. त्या धुळीत सिलिका असते आणि तिनं फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात.

आता इपॉक्सीविषयी. घराघरांत ठाऊक असलेलं दोन ट्यूबांचं अरल्डाइट हे याच कुळातलं. स्वित्झर्लंडच्या पियरे कास्तान यांनी 1930च्या दशकात या रेझिनवर काम केलं, आणि पुढे अरल्डाइट बाजारात आलं. जमिनीच्या इपॉक्सीतही रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग असतात. ते मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता तयार होते आणि बादलीतला माल जमिनीवर पसरलेल्या मालापेक्षा फार लवकर आवळतो. म्हणून लागेल तेवढंच कालवायचं आणि लगेच ओतून पसरायचं. हवा दमट असेल तर पृष्ठभागावर मेणचट पांढुरकी साय येते आणि दुसरा हात तिच्यावर धरत नाही. साधारण नियम असा, की हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि जमिनीचं तापमान दवबिंदूच्या किमान 3 अंश वर असावं. कोकणात जून ते सप्टेंबर हे जमणं अशक्य. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. रंग दुसऱ्या दिवशी चालण्याइतका सुकतो, पण बुलेट आत घ्यायला आठवडाभर थांबावं लागतं.

दरपत्रकात ‘इपॉक्सी’ एवढंच लिहिलेलं असेल तर जाडी विचार. रोलरनं मारलेले दोन हात म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-पाचवा हिस्सा. ओतून सपाट होणारा प्रकार 2 ते 3 मिलिमीटरचा. पातळ थर गाडीचं तापलेलं टायर उचलून नेतं. शटरमधून ऊन येतं तिथे इपॉक्सी पिवळी पडते, म्हणून वर पॉलियुरेथेनचा शेवटचा हात हवा. शेवटच्या हातात बारीक क्वार्ट्झची वाळू मिसळून घे, नाहीतर ओल्या चपलेनं आत आलेला माणूस घसरलाच. आणि रंगीत टिकल्यांचा मोह टाळ. दिसायला त्या छान असतात, पण खाली पडलेला चार मिलिमीटरचा स्क्रू त्यांच्यात सापडत नाही. एकरंगी फिकट करडा उत्तम, उजेडही वाढतो.

कोबा परीक्षेत नापास झाला, तर इपॉक्सीचा विचार सोडून दे. मग दोन रस्ते उरतात.

पहिला कोटा किंवा शहाबादीचा. कोटा राजस्थानातून येतो, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून. जुन्या घरांच्या ओसऱ्या आणि गोदामं पिढ्यान् पिढ्या यांच्यावर चालली. ओल सांध्यांतून निघून जाते आणि एखादी लादी फुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र दोन्ही चुनखडीचे दगड. बॅटरीचं ॲसिड किंवा गंज काढायचं रसायन सांडलं की डाग कायमचा. खाली माल भरताना पोकळी राहिली तर जॅक लावल्यावर लादी तडकते, म्हणून प्रत्येक लादी ठोकून आवाज ऐक. आरशासारखं पॉलिश करू नकोस. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलही इथे नकोच. हातोडी पडली की टवका उडतो आणि लाकडाच्या भुशावर पाय सरकतो.

दुसरा रस्ता खर्चिक, पण मामाच्या मते सर्वांत टिकाऊ. जुना कोबा फोडायचा, सोलिंग ठोकून त्यावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरायचा आणि 4 इंच काँक्रीट ओतायचं. ढाळ शटरकडे शंभर फुटांना एक फूट. दर आठ-दहा फुटांवर सांधा कापायचा, म्हणजे तडा गेलाच तर त्या रेषेत जातो. बाजारातलं बहुतेक सिमेंट मिश्र प्रकारचं असतं. त्याला किमान 10 दिवस आणि कडक उन्हाळ्यात 14 दिवस पाणी मारावं, असं भारतीय मानक 456 सांगतं. नंतर घासून त्यात सिलिकेटचं हार्डनर जिरवलं, की ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कठीण करतं आणि धूळ सुटणं जवळपास थांबतं. मंद चमकही येते, आणि सोलून निघेल असा थरच नसतो. 22 जुलै 2021चा पूर चिपळूणमध्ये कोणाला वेगळा सांगायला नको. तसं पाणी पुन्हा घरात शिरलं तर अशी जमीन गाळ उपसून धुतली की कामाला तयार.

वेल्डिंगच्या जागी, जमीन कुठलीही असो, लोखंडी पत्रा अंथर. ठिणग्यांनी इपॉक्सी जळते आणि काँक्रीटचेही टवके उडतात.

पाऊस तोंडावर आला आहे. जुलैमध्ये दोन आठवडे सलग लागला, की प्लास्टिकचे तीन तुकडे चिकटव आणि उचलल्यावरचे फोटो मामाला पाठव. तोवर कुठल्याही ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
मामा