साथ म्हणजे जागा देणे

जॅझमध्ये पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्ड वाजवतात. दोघे एकदम भरभरून वाजू लागले, तर सोलो वाजवणारा ऐकूच येत नाही.

आमचे घर बनारसला संकठा घाटाजवळ आहे. इथल्या ठुमरीत शेवटी तबल्याची लग्गी सुरू झाली, की गायिका मुखडा घोळवत तबल्याला जागा देते.

अमेरिकेत काउंट बेसींच्या जॅझ वाद्यवृंदातही हीच रीत होती. बेसी पियानोवर मोजकेच स्वर वाजवत. १९३७ पासून फ्रेडी ग्रीन गिटारवर चार मात्रांना चार हलके ठोके देत.

बँडमधल्या मित्रांनो, पियानो भरात असताना गिटारने दोन-तीन तारांवर फक्त लय धरावी. खालचे स्वर बेसला सोडावेत. पियानो थांबला, की मोकळी जागा भरावी. ‘दाहिने सज’ला नजर शेजाऱ्याकडे असते, इथे कान असावा.