गाडी गरम असतानाच दाखवा

आमच्या दारातली ओम्नी 1998ची, कार्बोरेटरवाली. नंबर प्लेटवर एमपी 12, म्हणजे खंडव्याचा पत्ता. आमचं बुऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळा जिल्हा झालं 2003 साली, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्या अजून तोच नंबर मिरवतात. तीन सिलिंडरचं 796 सीसी इंजिन, तेही थेट सीटखाली. या गाडीनं एका उन्हाळ्यात असं चिवट मिसिंग धरलं की प्लग नवे घाला, कार्बोरेटर साफ करा, दोन दिवस बरं आणि पुन्हा झटके. त्यातून जे हाती लागलं, ते जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी लिहितो.

1. काय बिघडलं, हे विचारायच्या आधी केव्हा बिघडतं ते लिहून काढा. सकाळी गार इंजिनवर? पावसाळी हवेत? चढावर? तासभर चालल्यावर? आमची गाडी गावातल्या गावात, शनवारा ते लालबाग, कितीही हिंडवा, तक्रार नाही. अशीरगडचा चढ लागला आणि इंजिन तापलेलं असलं की अडखळायची. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गार व्हायची आणि तिथं शहाण्यासारखी चालायची. शेवटी एका जुन्या मिस्त्रीचाचांनी सांगितलं, “भाऊ, गाडी गरम असतानाच आणा. गार गाडीत मी काय शोधू?” अर्धं निदान त्या वाक्यातच होतं.

2. मिसिंग एकाच सिलिंडरचं आहे की सगळ्यांचं, हे ठरवा. आयडलिंगवर एकेक प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बंद आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात हे कानाला लगेच कळतं, कारण एक गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली. वायर हवेत लोंबती ठेवू नका. तिला एक जुना प्लग लावून तो इंजिनच्या धातूला टेकवा, आणि पकड रबरी मुठीची घ्या, करंट जबर बसतो. दोष एकाच सिलिंडरचा असेल तर त्याचा प्लग, त्याची वायर, टॅपेटचं सेटिंग, कम्प्रेशन. आलटून पालटून सगळेच चुकत असतील तर जे तिघांचं सामायिक आहे तिकडे वळा: कॉइल, रोटर, पॉइंट, पेट्रोल. आमचे तिन्ही चुकत होते. एवढ्यानं नव्या प्लगांचा खर्च थांबला.

3. काढलेला प्लग पुसायच्या आधी नीट बघा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आपल्या गावात पॉवरलूमच्या मोहल्ल्यात गाडी उभी राहत असेल तर एअर फिल्टर आधी काढा, सुताचा भुरका त्यावर थर धरतो. तेलकट ओला प्लग म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, आणि हे जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत आता जास्त दिसतं. साध्या पेट्रोलला जळायला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलवाल्याला साधारण 13.5 पट. इंजेक्शनची गाडी स्वतः जुळवून घेते. कार्बोरेटरचा जेट मात्र जुन्याच मापाचा, त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ पडतं. शिवाय इथेनॉलनं जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. ते बदलून घ्या.

4. चढावरच झटके येतात याचं कारण ठिणगीत असू शकतं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि जास्त दाबातून ठिणगी उडवायला व्होल्टही जास्त लागतात. कमजोर कॉइल किंवा चिरलेली वायर आयडलिंगला निभावून नेते, चढावर उघडी पडते. म्हणून उभ्या गाडीवर केलेलं ट्यूनिंग मला पुरेसं वाटत नाही. मिस्त्रीला सोबत घेऊन चढ चढा.

5. उन्हाळ्याचं मिसिंग म्हटलं की इथं जो तो “एअर लॉक” म्हणतो. मे महिन्यात पारा 44-45 वर आणि इंजिन सीटखाली, तेव्हा पेट्रोलची वाफ पाइपात अडकते हे खरंच. पण त्यात गाडी हळूहळू दम सोडते. आमची मात्र कडक झटके मारायची, सायलेन्सरमध्ये फट् व्हायची, कारण न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटायचं. चाचांनी भर दुपारी चढावरच गाडी थांबवली. ओलं फडकं आधी पेट्रोल पंपावर ठेवलं, इंजिन चालवून पाहिलं, फरक नाही. मग इंजिन बंद करून तेच फडकं फक्त कॉइलच्या अंगाला गुंडाळलं, वरच्या तोंडाला पाणी लागू दिलं नाही. थोड्या वेळानं फडकं काढून गाडी चालू केली, झटके गेले. तापली की परत आले. तेव्हा ठिणगी पाहिली: बारीक, पिवळट, आवाज नाही. चांगली ठिणगी निळसर पांढरी, चटचट वाजणारी असते. गार कॉइलचं माप मीटरवर बरोबरच आलं होतं. आतली तार तापल्यावर पसरायची आणि तुटका जोड सुटायचा.

6. एका वेळी एकच वस्तू बदला, आणि निघालेला भाग डिकीत ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर रोग कशात होता ते कधीच कळत नाही.

7. मिसिंगसकट गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, रिंगा झिजतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ते पेट्रोल तिथं जळून कन्व्हर्टरच वितळवतं.

8. पावसाळ्यातलं मिसिंग वेगळं. रात्री दिवे बंद करून इंजिन चालू ठेवा आणि प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी यांच्यावर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथून करंट गळतो तिथं निळी रेघ नाचताना दिसते. तेवढीच वायर किंवा टोपी बदलायची.