मत्स्यशोधक यंत्राची निवड

ज्यांच्या घरीं लहान नावेवर चरितार्थ चालतो, त्यांनीं हा लेख वडिलांस वाचून दाखवावा. मत्स्यशोधक यंत्राची किंमत थोडी नसते.

यंत्राचा संवेदक पाण्यांत ध्वनि सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनि टिपतो. पाण्यांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १५०० मीटर. म्हणून प्रतिध्वनि एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत परतला, तर तळ १५ मीटरांवर आहे असें समजावें. माशाच्या पोटांतील हवेच्या पिशवीवरून ध्वनि विशेष परावृत्त होतो. जपानांत फुरुनो बंधूंनीं १९४८ सालीं असें यंत्र मासेमारीच्या व्यवहारांत आणिलें.

शेकडों मीटर खोलीच्या जाहिरातीस भुलूं नये. तें सामर्थ्य समुद्राकरितां. मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा किंवा महान येथील काटेपूर्णा जलाशयास २०० किलोहर्ट्‌झचें साधें यंत्र पुरें. त्याच्या ध्वनीचा शंकु सुमारें २० अंशांचा असल्यास ९ मीटर खोलीवर तळाचें अवघें ३ मीटर रुंदीचें वर्तुळ दिसतें. वर तर त्याहूनही अरुंद. त्यामुळें वरच्या थरांत चरणारा कटला बहुधा निसटतो. दिसलेला मासा रोहू कीं मृगळ, हेंही साधें यंत्र सांगत नाहीं. मग पैसे कशास घालावे? माझ्या मतें जाळ्यासाठीं! धरणाच्या पोटांत बुडालेलीं खोडें व खडक यंत्रास माशांहून स्पष्ट दिसतात, आणि एक जाळें फाटलें म्हणजे किती दिवसांची मिळकत जाते, हें कोळी-भोई बांधवांस सांगावयास नको.

संवेदक नावेस भोक न पाडतां बसवितां व काढतां यावा. बॅटरी एका हातीं उचलवेल इतकीच जड असावी. आणि पडदा दुकानाच्या सावलींत नव्हे, बाहेर वऱ्हाडी उन्हांत धरून पाहावा.